राजुऱ्याची तारीख

कमलाच्या घरी चांगला कुकर होता, तरी संक्रांत सरल्यापासून डाळ गंजात, म्हणजे साध्या पातेल्यातच, शिजत होती. त्याला कारण तिच्या बापाचे दोन बैल. पण ही गोष्ट तिने माहेरी कळू दिली नव्हती. त्यामुळे तिचा बाप, श्रावण रामटेके, राजुऱ्याच्या स्टँडवर उतरला तेव्हा त्याच्या डोक्यात डाळ नव्हती, उद्याची कोर्टाची तारीख होती.

कुरखेड्याकडच्या माणसाला राजुरा म्हणजे दुसरे राज्यच. पहाटेची एसटी, वडशाहून छोटी रेल्वे, चांद्याला पुन्हा एसटी, मग वर्धा नदीचा पूल, आणि पुलापलीकडे कोळशाच्या धुळीने काळवंडलेली झाडे. एप्रिलचे ऊन खिडकीतून मांडीवर पडत होते. त्याच्या बायकोने, मीराबाईने, तांदूळ आणि लाखोळीच्या डाळीचे गाठोडे सबंध वाटेत खाली ठेवले नाही. मुलाच्या, खुशालच्या, खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद होता. तो त्याने तीनदा बाहेर काढून पाहिला आणि तीनदा आत ठेवला.

वनरक्षकाच्या नोकरीचा कागद होता तो. श्रावणच्या बापाने, रामाजीने, जन्मभर दुसऱ्याच्या बांध्यांत धान रोवले. श्रावणने दीड एकर स्वतःची बांधी केली. आता खुशालच्या अंगावर खाकी चढणार होती. दोन मेला गडचिरोलीला हजर व्हायचे होते. पण कागदासोबत एक फॉर्म आला होता, आणि त्यात एक रकाना होता: आपल्यावर कोणताही खटला चालू आहे काय, किंवा शिक्षा झाली आहे काय? बाकी सगळा फॉर्म खुशालने भरला होता. तेवढी एक जागा कोरी होती.

कमलाचा नवरा गुणवंतराव दारातच उभे होते. कोळशाच्या खाणीत हजेरी ठेवायचे काम, त्यामुळे माणूस शिस्तीचा, शर्टाला रोजची इस्त्री.

"जयभीम, मामाजी. उशीर झाला गाडीले?"

"जयभीम, जवाईबापू. गाडी चांद्यालेच बसून होती." एवढे बोलून श्रावण घरात न शिरता बाजूने मागच्या अंगणात गेला.

"पाह्यलं?" मीराबाई लेकीला म्हणाली. "पोरीले भेटाचं सोडून पयले बैलाइले भेटाले गेला तुहा बाप."

अंगणात कडुलिंबाखाली कवड्या आणि लाखा बांधलेले होते. श्रावणचा वास येताच कवड्याने मान वर केली, आणि लाखाने तर दाव्याला हिसका दिला. श्रावणने दोघांच्या मानेखाली हात घातला आणि तो चकितच झाला. अंग तुळतुळीत, शिंगांना तेल, गळ्यातल्या पितळी घाटीलासुद्धा चिंच लावून चकाकी आणलेली.

"जवाईबापू, यायले आंघोळ कोन घालते?"

गुणवंतराव मागे येऊन उभे होते. त्यांचे कान लाल झाले. "मीच घालतो. ड्यूटीवरून आलो का. सरकारी मुद्देमाल आहे ना, मामाजी. सुपुर्दनाम्यावर सही माही आहे. उद्या कमीजास्त झालं तर मले विचारतीन."

तेवढ्यात खाणीचा भोंगा झाला. सगळी कॉलनी हादरावी असा आवाज. मीराबाईने कानावर हात ठेवले. बैलांनी कानही हलवला नाही.

झाले होते ते असे. संक्रांतीनंतर राजुऱ्याजवळच्या एका गावात शंकरपट भरला होता. बैलांच्या शर्यतीचे वेड श्रावणला लहानपणापासून. पण पटात इतर लोक काठीच्या टोकाला खिळा ठोकून बैल पळवतात, तसा तो कधी पळवत नसे. जंगलातल्या गावचा लालसू त्याचा जुना सोबती. लालसू रानात गुरे शिट्टीवर चारायचा. त्याचे पाहून श्रावणने ही जोडी गोऱ्ह्यापासून शिट्टीवर तयार केली. दोन बोटे तोंडात घालून शिट्टी मारली की पळायचे. शिट्टी चालू तोवर पळत राहायचे. शिट्टी थांबली की थांबायचे. एवढेच शिक्षण, पण पक्के. पटात खुशाल धुरकरी होता, कासरा त्याच्या हातात, आणि श्रावण झेंडीपाशी उभा राहून शिट्टी मारत होता. जोडीने दुसरा नंबर घेतला.

त्या आनंदात दुसऱ्या दिवशी श्रावणने जोडी खासराला, म्हणजे शर्यतीच्या हलक्या गाडीला, जुंपली आणि लेकीच्या घरी निघाला. कासरा स्वतः धरला. खुशाल मागे बसला होता. राजुऱ्याच्या चौकात एसटीला वाट करून द्यायला वाहतुकीच्या शिपायाने हात वर केला, आणि थांबा म्हणून शिट्टी वाजवली.

पुढे जे झाले ते राजुऱ्याचे लोक अजून हात उंचावून सांगतात. शिपाई थांबवायला शिट्टी फुंकत गेला, आणि बैल पळत गेले. शिपाई घाबरून जितका जोराने फुंकी तितके बैल जोरात. भाजीच्या रांगेतून, टमाट्यांच्या ढिगावरून, शिपायाच्या उभे राहायच्या लाकडी ठोकळ्याला उडवून, पार पेट्रोल पंपापर्यंत. माणसाला खरचटलेही नाही. पण खटला व्हायचा तो झालाच: बेदरकारपणे गाडी हाकणे. श्रावण बाहेर थरथरत्या बैलांना चुचकारत उभा होता तेवढ्या वेळात खुशाल ठाण्यात जाऊन म्हणाला, "कासरा माह्या हातात होता." बाप बाहेर निघेपर्यंत कागदावर सही झाली होती. तेव्हा नोकरीचा कागद आला नव्हता. बाप साठीचा, त्याला कशाला बसवायचे पोलिसांसमोर, एवढाच पोराचा विचार होता.

बैल आणि खासर जप्त झाले आणि जावयाच्या सुपुर्दीवर राहिले. फेब्रुवारीतली एक तारीख नुसती पुढे गेली. उद्या शिपायाची साक्ष होती.

ऊन उतरल्यावर खुशालचे वकील, लोणारे, सायकलवरून आले. सायकल त्यांनी लिंबाला टेकवली आणि अंगणातल्या बाजेवर बसले. कमलाने चहा दिला.

"हे पाहा," वकील म्हणाले, "साधी गोष्ट आहे. खुशालने उद्या गुन्हा कबूल करावा. साहेब पन्नासेक रुपये दंड करतील. अकरा वाजता सुरू, सव्वा अकराला मोकळे."

"मीही तेच म्हन्तो," गुणवंतराव म्हणाले. "किती तारखा करतीन हे लोक? कुरखेड्याहून येनं का सोपं आहे?"

"आनि फॉर्मवर का लिहू?" खुशालने विचारले. "शिक्षा झाली आहे काय, त्याच्यापुढे 'हो' लिहू?"

"पन्नास रुपयांच्या दंडाला कोण शिक्षा म्हणतो?"

"फॉर्म म्हन्ते, वकीलसाहेब."

श्रावणने बसल्या जागेवरून घसा साफ केला. "मी सांगतो उद्या. कासरा माह्या हातात होता. माह्यावर करा खटला. मले कोनती नोकरी लागाची आहे?"

"बाबा, तुमी बोलू नका." खुशालचा आवाज चढला. "पोलिसाले मी माहं नाव सांगतलं. आता फिरवलं तर म्हन्तीन, पोरगा खोटारडा आहे. मंग जंगल राखाले खोटारडा ठेवतीन का?"

"बरोबर," वकील म्हणाले. "नाव बदलणं धोक्याचं आहे."

मीराबाई तांदूळ पाखडत होती. सूप थांबले. "याच्यातच माहा जीव गेला," ती म्हणाली. "पोरानं बापाची लाज राखली, अन् बाप आता पोराची घालवाले निघाला. तुमाले कोनं सांगतलं होतं गावातून मिरवाले? पायी आनता येत नोते बैल? लेकीले दाखवाचं होतं ना!"

खरे तेच होते. लेकीच्या दारात खासरावरून उतरायचे होते त्याला.

"मायच्या गळ्याची शपथ घ्या," मीराबाई म्हणाली, "उद्या कोर्टात तोंड उघडनार नाई म्हनून."

"माही माय कवाचीच गेली व."

"मंग माही घ्या."

श्रावणने मान हलवली. मान कशी हलली, होकारार्थी की नुसतीच, ते कुणी नीट पाहिले नाही.

"तर मग ठरलं," वकील पेला खाली ठेवत म्हणाले. "कबूल करायचं."

कमला इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. ती आत गेली. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, भांड्याचे झाकण घट्ट बसल्याचा आवाज आला. गुणवंतरावांनी कान टवकारले.

"कमला! का करून राह्यली?"

"डाळ लावून राह्यली. मायनं लाखोळी आनली ना."

"कशात लावली?"

गुणवंतराव उठले. "कमला, कुकर नको लावू! वकीलसाहेब, तुमची सायकल घ्या तिकडून. मामाजी, उठा, लाखाले धरा..."

पहिली शिट्टी झाली.

कवड्याने खुंटा जमिनीतून उपटला. लाखाने दावे तोडले. दोघे अंगणात जोडीने, जणू जू मानेवर असल्यासारखे खांद्याला खांदा लावून, एक वळसा घेऊन आले आणि वकिलांच्या सायकलीवरून गेले. वकील पायांसकट बाजेवर चढले. मीराबाई सूप डोक्यावर धरून भिंतीला चिकटली. शिट्टी थांबली. बैल जागच्या जागी थांबले आणि श्रावणकडे पाहू लागले, नंबर कितवा आला म्हणून विचारत असावेत तसे.

लोणारे वकील बाजेवर उभेच राहिले. सायकलीचे पुढचे चाक पापडासारखे मुडपले होते, पण त्यांचे तिकडे लक्ष नव्हते.

"हे... शिट्टीवर पळतात?"

"तीन महिने झाले, काका," कमला दारातून म्हणाली, "माह्या घरी कुकर वाजला नाई. खानीचा भोंगा होते, लगनाचा बँड जाते, हे रवंथ करत रायतात. शिट्टी झाली का पळाले."

"आणि ही गोष्ट मला आज कळते? खुशाल, तू तर म्हणालास, बैल बुजले."

खुशाल खाली पाहत म्हणाला, "शिट्टीचं सांगतलं असतं तर कोनं शिकवलं ते विचारलं असतं. मंग बाबाचं नाव आलं असतं."

श्रावणला तेव्हा समजले. पोराने एक खोटे झाकायला दुसरी खरी गोष्ट झाकली होती, आणि दोन्ही त्याच्यासाठी.

"पुन्हा एकदा वाजेल का?" वकिलांनी विचारले.

"तीन शिट्ट्यांशिवाय लाखोळी शिजत नाई," कमला म्हणाली.

"मग धरा रे बैल!" वकील आनंदाने ओरडले. "गुणवंतराव, उद्या रजा टाका. तुम्ही साक्षीला येताय. कबूलबिबूल काही नाही."

गुणवंतराव लाखाच्या गळ्याला मिठी मारून उभे होते. इस्त्रीचा शर्ट शेणाने भरला होता. "मी? मी काऊन?"

"अहो, रोज आंघोळ कोण घालतं त्यांना? तुमच्यापेक्षा जास्त कोण ओळखतं?"

गुणवंतरावांनी सासऱ्याकडे पाहिले, मग लाखाकडे. "टाकतो रजा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजताची तारीख बारा वाजता पुकारली गेली. वाहतूक शिपाई नथ्थू पिंजऱ्यात उभा राहिला. सडपातळ, मिशा पिकायला लागलेला माणूस. लोणारे वकिलांनी सुरुवात अगदी गोड आवाजात केली.

"शिट्टी वाजवण्याआधी बैल कसे येत होते?"

"चालत, साहेब. बैलासारखे."

"भरधाव नव्हते?"

"नाई."

"मग तुम्ही शिट्टी वाजवली. तेव्हा?"

"पळाले."

"मग तुम्ही काय केलंत?"

"अजून वाजवली."

"मग?"

"अजून पळाले."

"किती वेळा वाजवलीत?"

नथ्थूने प्रामाणिकपणे विचार केला. "दम होता तोवर, साहेब."

मागच्या बाकांवर हसू फुटले. मॅजिस्ट्रेट साहेबांनी पेन आपटले, पण पेन आपटताना त्यांनीही तोंड वळवले.

मग गुणवंतराव आले. नवा शर्ट, कडक इस्त्री. कुकरची सगळी हकीकत त्यांनी हजेरीपुस्तक वाचावे तशी सांगितली: कुकर कोणत्या तारखेला बंद केला, दावी किती तुटली, शेजारच्या पोराची शिट्टी त्यांनी स्वतः कशी जप्त केली. सरकारी वकिलांनी विचारले, "तुम्ही जावई, म्हणून सासरच्यांच्या बाजूनं बोलता?"

"साहेब," गुणवंतराव म्हणाले, "तीन महिने मी कच्ची डाळ खाल्ली आहे. सासरची बाजू मी कशाला घेऊ?"

आता फक्त खुशाल उरला. साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. "शिट्टीचं समजलं. आता एक सांग. कासरा तुझ्या हातात होता ना?"

सगळे इतके सोपे चालले होते की हा प्रश्न येईल हे कुणाच्या ध्यानातच राहिले नव्हते. खुशालने पिंजऱ्याचा कठडा धरला. श्रावणला त्याच्या पाठीवरून दिसले, पोरगा आता 'हो' म्हणणार. ठाण्यात म्हणाला ती गोष्ट वेगळी होती. तिथे घाई होती, गर्दी होती. इथे भिंतीवर घड्याळ होते, खाली लिहून घेणारा कारकून होता, आणि या पोराला पुढच्या महिन्यापासून दुसऱ्यांचे खरेखोटे तपासायचे होते. मीराबाईने श्रावणचा सदरा मागून घट्ट धरला. तो तरीही उठला. सदरा फाटल्याचा आवाज झाला.

"साहेब, कासरा माह्या हातात होता."

"बाबा, बसा!"

"नाई बसत. साहेब, हा पोरगा मांगे बसून होता. ठान्यात यानं आपलं नाव सांगतलं तवा मी बाहेर बैलाइले धरून होतो. आतमंदी असतो तर सांगू देलं नसतं. यानं बापासाठी केलं. पन मी बाप आहो, माहं मीच सांगतो."

साहेबांनी पेन खाली ठेवले. "आजोबा, असं बोलून तुमच्यावर खटला येऊ शकतो, माहीत आहे?"

"माहीत आहे, साहेब. येऊ द्या. बैल मीच शिकवले."

तेवढ्यात बाजूला उभा असलेला नथ्थू शिपाई, त्याला कुणी काही विचारले नसताना, म्हणाला, "खरं आहे, साहेब. हाच म्हातारा होता कासऱ्यावर. मी डोयानं पाह्यलं."

"मग तेव्हाच का सांगितलं नाहीस?"

"नाव लिहिलं तवा मी ठान्यात नोतो, साहेब. चौकात भाजीवालीचे टमाटे निवडून देऊन राह्यलो होतो. शिट्टी माहीच होती ना."

साहेब बराच वेळ कागद चाळत राहिले. मग त्यांनी खुशालवर गुन्हा शाबीत होत नाही, त्याला निर्दोष सोडण्यात येत आहे, असे कारकुनाला सांगितले. पुढे सरकारी वकिलांकडे वळून म्हणाले, "आता हे आजोबा. यांच्यावर नवीन खटला करायचा आहे का सरकारला?"

सरकारी वकिलांनी फाईल मिटली. "नाही साहेब. बैल त्यांचे असले तरी शिट्टी आमचीच होती."

"आजोबा," साहेब म्हणाले, "यापुढे कोणत्याही गावात शिरताना खासरावरून खाली उतरायचं आणि बैल हातात धरून न्यायचे. समजलं?"

"समजलं, साहेब. मिरवाचं नाई."

मीराबाईने पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती, ते श्रावणने विचारले नाही. बाहेर आल्यावर तिने त्याच्या फाटक्या सदऱ्यात बोट घालून पाहिले. "शपथ मोडली तुमी," ती म्हणाली.

"मान हलवली होती. हो म्हनलं नोतं."

"मले माहीत होतं. म्हनून तर धरून होती." आणि वर म्हणाली, "नवाच होता सदरा. फाटला ते बरं झालं."

दुपारी घरी आल्यावर खुशाल ओसरीवर पालथी पाटी मांडीवर घेऊन बसला. पिशवीतून फॉर्म काढला. श्रावण त्याच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. पोराने त्या कोऱ्या जागेत दोन अक्षरे लिहिली.

"का लिहिलं?"

"नाही."

"एवढंच?"

"एवढंच, बाबा."

श्रावण त्या दोन अक्षरांकडे पाहत राहिला. मग खुशालच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा, आणि लगेच काढूनही घेतला.

मागच्या अंगणात गुणवंतराव सुपुर्दनाम्यातून मोकळे झालेल्या बैलांना पाणी दाखवत होते. परवाचा ट्रक ठरला होता, जोडी कुरखेड्याला जाणार होती. लाखाच्या पाठीवरून हात फिरवत ते आपल्याशीच काही बोलत होते. श्रावण जवळ आला तसे गप्प झाले.

"जवाईबापू, पुढच्या पटाले याल?"

"रजा पाहून सांगतो." थोड्या वेळाने म्हणाले, "लाखाले मुरमुरे आवडतात, मामाजी. घरी देत जा. रोज संध्याकाळी, एक ओंजळ."

आतून कमलाने हाक मारली, "बाबा, जेवाले किती वेळ आहे? कुकर लावू का?"

श्रावणने कवड्याचे दावे दोन वेढे देऊन मनगटाला गुंडाळले. गुणवंतरावांनी बाह्या वर केल्या, इस्त्रीची घडी मोडली, आणि लाखाच्या गळ्याला मिठी मारली. दोघांनी एकमेकांकडे पाहून पाय रोवले.

"लाव व बाई!" श्रावण ओरडला.